डब्याची पुढची बाजू आणि मागची बाजू

चेहऱ्याला लावण्याच्या मॉइश्चरायझरच्या डब्यावर दोन मजकूर छापलेले असतात. पुढच्या बाजूचा मजकूर ठळक अक्षरांत असतो: 'संवेदनशील त्वचेसाठी', 'हायपोॲलर्जेनिक', 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले', 'नैसर्गिक'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची यादी असते. पहिला मजकूर सगळेच वाचतात. दुसरा वाचणारे थोडे. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या दोन मजकुरांचे परीक्षण करावे, असा आमचा विचार आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या बाजूचे शब्द वैज्ञानिक वाटतात, पण तपासता येत नाहीत. मागची यादी रुक्ष आणि अपुरी आहे, तरी तपासता येते.

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आठवी-नववीच्या वर्गात इसब असलेली, चेहऱ्याची आग होते म्हणून सतत काही ना काही लावणारी मुलेमुली असतात. एका डब्याने बरे वाटले नाही की दुसरा, मग तिसरा, असे चालते. त्यात घरचा पैसा जातो आणि पुष्कळदा त्वचा अधिकच बिघडते. विज्ञानाच्या तासाला आपण मापन, व्याख्या आणि पुरावा शिकवतो. त्यांचा उपयोग इथे झाला नाही, तर मग कुठे होणार?

भिंत आणि तिचा चुना

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे शृंगस्तर. तो मृत पेशींचा असतो आणि शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकीच असते. अमेरिकेतील त्वचावैज्ञानिक पीटर इलायस यांनी १९८० च्या दशकात या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती रूढ झाली. पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. विटांच्या आत अमिनो आम्ले, लॅक्टेट, युरिया अशी पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. कडक साबण, कोरडी थंड हवा किंवा इसब यांमुळे हा चुना ढासळला, की आतले पाणी अधिक उडून जाते आणि बाहेरची द्रव्ये आत शिरतात.

मॉइश्चरायझरमधील घटकांचे चार गट पाडता येतात. पहिला गट पाणी धरणाऱ्यांचा: ग्लिसरिन, युरिया, हायलुरॉनिक आम्ल. दुसरा झाकण घालणाऱ्यांचा: पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, लॅनोलिन. तिसरा गट फटी भरून त्वचा मऊ करणाऱ्या स्निग्ध पदार्थांचा. चौथ्या गटात पाणी आणि तेल एकत्र ठेवणारे पायसीकारक, जंतू वाढू न देणारे परिरक्षक आणि सुगंध येतात. पहिले तीन गट त्वचेसाठी असतात. चौथा गट मलमासाठी, म्हणजे ते फाटू नये, नासू नये आणि खपावे यासाठी असतो. लॅनोलिनसारखे अपवाद सोडले, तर संवेदनशील त्वचेला होणाऱ्या त्रासाचे मूळ बहुधा या चौथ्या गटात सापडते. जाहिरात मात्र पहिल्या तीन गटांचीच होते.

तीन तक्रारी, एक शब्द

'मला ते चालत नाही' या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. लावताच चुणचुणते, पण दिसत काहीच नाही, ही पहिली तक्रार. तिचा संबंध मज्जातंतूंच्या टोकांशी असतो; लॅक्टिक आम्लाने किंवा युरियाने असे होऊ शकते. वारंवार लावल्याने त्वचा लाल होते, सोलवटते, ही दुसरी. हा क्षोभ मात्रेवर अवलंबून असतो आणि पुरेशा मात्रेत तो कोणालाही होईल. तिसरी तक्रार खऱ्या ॲलर्जीची. तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखादे द्रव्य 'ओळखू' लागते. मग त्याचा लवलेशही पुरतो, पुरळ एकदोन दिवसांनी उठते आणि ही ओळख बहुधा जन्मभर टिकते.

संवेदनशील त्वचेची व्याख्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये केली. एरवी त्रास होऊ नये अशा गोष्टींनी आग, चुणचुण, खाज, दुखणे अशा संवेदना होणे, हा तिचा गाभा. म्हणजे ती मुख्यतः पहिली तक्रार आहे. डब्यावरचा 'संवेदनशील त्वचेसाठी' हा शब्द मात्र तिन्ही तक्रारींना मिळून एकच उत्तर देतो. ज्याच्या तीन कसोट्या वेगवेगळ्या आहेत, त्याला एका शब्दाचे प्रमाणपत्र कसे देता येईल?

'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाचा इतिहास बोलका आहे. हा शब्द वापरायचा तर माणसांवर चाचण्या करून दाखवा, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये केला. दोन प्रसाधन कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. तेव्हापासून तेथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही; ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घ्यावा. 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले' याची तीच गत. किती जणांवर तपासले, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे निष्कर्ष काय निघाला, हे त्यात कुठेच नसते.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सर्वाधिक खपाच्या १७४ मॉइश्चरायझरांच्या याद्या तपासल्या. ॲलर्जी-चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी एकही नाही, अशी उत्पादने फक्त १२ टक्के निघाली. 'हायपोॲलर्जेनिक' म्हणवणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांत असे निदान एक द्रव्य होते. 'सुगंधविरहित' म्हणवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांत सुगंधाशी नाते असलेले किंवा वनस्पतिजन्य द्रव्य होते. हे आकडे वाचून घाबरून जाऊ नये. द्रव्य यादीत असणे म्हणजे प्रत्येकाला ॲलर्जी होणे नव्हे. शब्दाचा आणि यादीचा मेळ बसत नाही, एवढेच यातून सिद्ध होते आणि आमची तक्रारही तेवढीच आहे.

चार डबे

आता कंपन्यांची नावे बाजूला ठेवून बाजारातील चार प्रकार पाहू.

पहिला प्रकार साध्या पेट्रोलियम जेलीचा. रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचे पेटंट १८७२ मध्ये घेतले. तिच्यात पाणी नाही, म्हणून पायसीकारक लागत नाही आणि परिरक्षकही लागत नाही. चौथा गट जवळजवळ रिकामा! असे झाकण घातल्याने त्वचेची स्वतःची दुरुस्ती थांबत असेल, अशी शंका पूर्वी घेतली जाई. ही जेली शृंगस्तराच्या फटींत शिरते आणि दुरुस्ती चालूच राहते, हे १९९२ मध्ये दिसून आले. तिचा दोष चिकटपणाचा. कोकणच्या दमट हवेत ती चेहऱ्यावर नकोशी होते. शिवाय तिचे सुगंधी प्रकारही मिळतात. त्यांना वरील गुण लागू नाहीत.

दुसरा प्रकार पाणी आणि ग्लिसरिनच्या जेलचा. तो हलका असतो आणि तेलकट त्वचेला मानवतो. ग्लिसरिन पाणी धरते, पण झाकण घालत नाही. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात नुसत्या जेलवर भागत नाही, याचे कारण हेच. यादीत अल्कोहोल वरच्या क्रमांकावर असेल, तर ढासळलेल्या त्वचेने ते टाळावे.

तिसरा प्रकार सिरॅमाइडयुक्त क्रीमचा. इथे विचार योग्य दिशेने झाला आहे: जो चुना गेला तोच परत द्यायचा. परंतु इलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट दिसली. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले ही तिन्ही एकत्र दिली, तर भिंतीची दुरुस्ती नीट चालली. त्यांतील एक किंवा दोनच दिली, तर ती उलट लांबली. उंदरांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. पण 'सिरॅमाइड आहे' एवढ्यावर थांबू नये, सोबत काय आहे तेही पाहावे, इतके त्यावरून म्हणता येते.

चौथा प्रकार वनौषधी क्रीमचा. आपल्याकडे याचे आकर्षण मोठे. लव्हेंडर आणि लिंबूवर्गीय सुगंधी तेलांत लिनॅलूल व लिमोनीन ही द्रव्ये असतात. हवेशी संयोग होऊन त्यांपासून जी ऑक्सिडीभूत द्रव्ये बनतात, ती ॲलर्जी निर्माण करणारी आहेत. म्हणजे डबा उघडून बरेच दिवस झाले की धोका वाढतो. वनस्पतिजन्य म्हणून सगळेच वाईट, असेही नाही. यादीत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असे भारदस्त नाव दिसले, तर ते आपले कोकमाचे तेल. कोकणात फुटलेल्या ओठांना आणि टाचांच्या भेगांना ते पूर्वापार लावतात. तेलातेलातही फरक असतो. ऑलिव्ह तेलाने शृंगस्तराची भिंत कमकुवत होते, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात २०१३ मध्ये आढळले. दोन्ही तेले 'नैसर्गिक'च आहेत. फरक त्यांतील मेदाम्लांचा आहे.

साधेपणाही फसवतो

मग स्वस्त, बिनवासाचे, डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम घेतले की झाले? ब्रिटनमध्ये 'ॲक्वियस क्रीम' नावाचे असेच मलम इसबावर वर्षानुवर्षे दिले जाई. त्यात पायसीकारक म्हणून सुमारे १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेटाचा अंश असे. शाम्पूला फेस आणणारे द्रव्य ते हेच. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे हे मलम लावायला दिले, तेव्हा त्यांचा शृंगस्तर सुमारे १२ टक्क्यांनी पातळ झाला. २०१३ मध्ये तेथील औषध नियामकांनी याविषयी सावधगिरीची सूचना काढली. अभ्यास लहान होता, पण त्याने योग्य प्रश्न विचारला: मलम एकसंध ठेवणारे द्रव्य त्वचेचे काय करते?

दुसरी गोष्ट भीतीची. २००४ मध्ये स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन या परिरक्षकांचे अंश सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्यामुळे कर्करोग झाला, असे त्या अभ्यासाने दाखवले नव्हते. तरी 'पॅराबेनमुक्त' हा शब्द डब्यांच्या पुढच्या बाजूवर चढला. पण पाणी असलेल्या मलमाला परिरक्षक लागतोच. काही उत्पादकांनी पॅराबेनच्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन घेतले. पुढच्या काही वर्षांत युरोपात या द्रव्याच्या ॲलर्जीची लाट आली. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले आणि २०१७ पासून युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना 'ॲलर्जी न करणारे' म्हणून गौरवले! 'अमुक-मुक्त' असे वाचले की 'मग त्याऐवजी काय घातले?' असे विचारावे, हा यातला धडा.

यादी वाचताना

यादीचा एक नियम ध्यानात ठेवला, तर बरेच कळते. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. आता फिनॉक्सिइथेनॉल हा परिरक्षक सामान्यतः १ टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत. तेव्हा यादीत त्याच्यानंतर आलेला प्रत्येक घटक १ टक्का किंवा त्याहून कमी असणार. पुढच्या बाजूवर चित्रासह झळकणारे केशर किंवा चंदन पुष्कळदा या रेषेच्या खाली सापडते. वर्गात हे अनुमान मुलांकडूनच काढून घ्यावे. मात्र 'कमी' म्हणजे 'निरुपयोगी' नव्हे, हेही सांगावे: सिरॅमाइडची थोडी मात्रा कामाची असू शकते आणि ॲलर्जीला तर लवलेशही पुरतो.

यादीच्या उणिवाही सांगायला हव्यात. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दामागे अनेक द्रव्ये लपतात. युरोपात २००५ पासून त्यांतील २६ द्रव्ये नावानिशी लिहावी लागतात आणि २०२३ मध्ये ही यादी आणखी वाढवण्यात आली. 'बिनवासाचे' आणि 'सुगंध न घातलेले' यांतही फरक आहे. मूळ वास झाकण्यासाठी सुगंधच घातलेला असू शकतो.

झाकणाचे तत्त्व एका सोप्या प्रयोगाने दाखवता येईल. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या तीन चकत्या घ्या. एक तशीच ठेवा, एकीला सर्व बाजूंनी ग्लिसरिन आणि एकीला पेट्रोलियम जेली लावा. लगेच वजन करा आणि मग दर तासाला करत राहा. कोणत्या चकतीचे वजन सर्वांत कमी घटते आणि ग्लिसरिन लावलेल्या चकतीच्या पृष्ठभागाचे काय होते, हे नोंदवा. बटाटा म्हणजे त्वचा नव्हे, हे मुलांनी स्वतःहून म्हटले तर प्रयोग चांगला झाला असे समजावे.

नवे मलम चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. दोन मिनिटांत निकाल लागत नाही, कारण ॲलर्जी उशिरा दिसते. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलायचा, हा नियम आपण शिकवतोच. पुरळ टिकून राहिले तर त्वचातज्ज्ञांकडे जावे. नेमके कोणते द्रव्य चालत नाही हे पट्टी-चाचणीने कळू शकते. आणि दुकानदाराने 'लवकर गुण येईल' म्हणून दिलेल्या ट्यूबवर स्टेरॉइडचे नाव असेल, तर ते मॉइश्चरायझर नव्हे, औषध आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते चेहऱ्याला लावू नये, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.