कोरडी ट्रान्सफर

बँकेतल्या माणसासमोर 'ट्रान्सफर' हा शब्द जरा जपून उच्चारावा. प्रमोशन घेतलं की ट्रान्सफर होते, या एका धास्तीपोटी मी गेली अठरा वर्षं त्याच शाखेत, त्याच काउंटरमागे, त्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली क्लार्क आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावरचे आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "तुझ्याकडे एक ड्राय ट्रान्सफरचं काम आहे," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एखादा दुष्काळी तालुकाच उभा राहिला.

प्रकरण निराळंच निघालं. आप्पा हवाई दलात नॅट विमानांची देखभाल करत. मूळ इंग्लंडचं आणि पुढे बंगलोरला बांधलेलं हे चिमुकलं लढाऊ विमान. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर सेबर विमानांशी झुंजताना निर्मलजितसिंग सेखों कामी आले, ते नॅटमधूनच. हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र त्या दिवसाचं. आप्पांच्या हाताखालून पुष्कळ नॅट गेली, पण 'आपलं' विमान एकच. त्याची बहात्तराव्या हिश्श्याची प्रतिकृती त्यांनी नातवानं पाठवलेल्या प्लॅस्टिकच्या संचातून चार महिने खपून जोडली होती. नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम 12 सेंटिमीटर. रंग झाला, राहिला नंबर. आणि आप्पांचा हात हल्ली थरथरतो. इतका, की सही जुळत नाही म्हणून त्यांची पैसे काढायची स्लिप आमच्याच काउंटरवरून दोनदा परत गेली होती. परत करणारा कोण, ते वाचकांनी ओळखलंच असेल.

"तू दिवसभर आकडेच लिहितोस ना? मग हे तुझंच काम," आप्पा म्हणाले. नंबर मी इथे देत नाही. अर्धशतक उलटून गेलं तरी आप्पांच्या मते ती लष्करी गुप्त बाब आहे. शेवटचा आकडा इंग्रजी 8 होता, एवढं सांगायची परवानगी मी मिळवली आहे.

आता या कलेचं रीतसर परीक्षण करतो. प्रतिकृती-विमानांच्या जगात शैव-वैष्णवांसारखे दोन पंथ आहेत : ओले आणि कोरडे. ओल्या पंथाची चिन्हं पाण्यात भिजवायची, कागदावरून घसरवून विमानावर आणायची आणि जागेवर येईपर्यंत ब्रशानं हळूच सरकवायची. चूक झाली तर पुन्हा सरकवा! एकूण स्वभाव समजूतदार. दोष एवढाच, की चिन्हाभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड राहते. खाली रंग खरखरीत असला, तर पापुद्र्याखाली हवा अडकून तिथे चंदेरी चकाकी येते आणि लढाऊ विमान बेगड लावल्यासारखं दिसतं.

कोरड्या पंथाला पापुद्रा मान्य नाही. इथे चिन्ह प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याच्या पाठीवर उलटं छापलेलं असतं, वर हलकासा डिंक. लेट्रासेट या इंग्लिश कंपनीनं 1961 मध्ये हीच युक्ती अक्षरांसाठी बाजारात आणली, आणि जाहिरातवाल्यांची एक पिढी अक्षरं घासण्यात खर्ची पडली. पत्रा जागेवर धरायचा, गोल टोकाच्या काडीनं वरून घासायचं. चिन्ह सुटलं की पत्र्याखाली ते किंचित फिकट दिसतं. मग पत्रा हलकेच उचलायचा. मागे राहतो तो निव्वळ रंग. जणू विमानावरच रंगवलेला! देखणेपणात कोरडा पंथ निःसंशय श्रेष्ठ, हे मी परीक्षक या नात्यानं मान्य करतो.

पण स्वभाव? बँकेत चुकीच्या खात्यात गेलेली रक्कमसुद्धा उलटी नोंद करून परत आणता येते. इथे तीही सोय नाही. एकदा टेकलं ते टेकलं. फार तर चिकटपट्टीनं उपटता येतं, पण मग रंगही सोबत यायला तयार असतो. त्यातून प्रत्येक आकडा सुटा; पाच आकडे एका रेषेत उभे करणं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो. त्यातल्या त्यात हवाई दलाचं वर्तुळ सोपं : बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, आणि गोल असल्यामुळे उलटं लावण्याची मला संधीच नव्हती.

शीटवर दोन 8 होते. पहिला मी सरावासाठी बिस्किटांच्या डब्यावर उतरवला. इतका सुरेख उतरला, की तो डबा हिनं अजून कोणाला दिलेला नाही. मग आत्मविश्वासानं खरं काम हाती घेतलं. सगळे आकडे लागले. शेवटचा 8 घासला, पत्रा उचलला आणि आठाचा डावा अर्धा भाग पत्र्याबरोबर वर आला. तिथेच थांबून पत्रा पुन्हा टेकवायचा असतो, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत अर्धा भाग माझ्या अंगठ्यावर होता. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत विमानावर एक छानदार 3 उभा होता.

"तीन दिसतोय, पण वाईट नाही दिसत," मी म्हणालो.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. "तीनवर संपणारं एक नॅट कराचीच्या म्युझियममध्ये आहे. 1965 च्या सप्टेंबरात पसरूरला उतरलं, ते तिकडेच राहिलं. माझं विमान रोज माझ्या सहीवर जायचं आणि रोज परत यायचं." मग जरा थांबून म्हणाले, "राहू दे. कोण बघतंय!"

'कोण बघतंय' हे वाक्य मी अठरा वर्षांत बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि प्रत्येकाची स्लिप परत केली आहे. मी शीट पुन्हा हातात घेतली. 8 संपले होते, 3 मात्र चार शिल्लक. इंग्रजी 3 डोकं खाली, पाय वर असा धरला की त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं. तसा एक उलटा 3 मी श्वास रोखून सुलट्या तीनाच्या पाठीला पाठ न लावता, तोंडाला तोंड लावून घासला. या वेळी पत्रा उचलायला पाच मिनिटं लावली. 8 झाला!

चेकवरच्या तीनाचा आठ करणारे पकडण्यात ज्यानं उमेद घालवली, त्यानं स्वतःच्या हातानं तीनाचा आठ केला. कायद्याच्या भाषेत याला जे म्हणतात ते मी आप्पांना सांगितलं. "खाडाखोड झाली आहे. पूर्ण सही लागेल."

आप्पांनी विमान स्टँडवर ठेवलं, स्टँड उलटा केला आणि पेन मागितलं. विमान उडण्याआधी फॉर्म 700 वर करत, तशी त्यांनी सही केली. हात थरथरत होता; 'प' कुठे संपला आणि 'ट' कुठे सुरू झाला, ते समजत नव्हतं. नमुन्याच्या सहीशी ती अजिबात जुळत नव्हती.

मी पास केली.