शाळिग्रामाचें अंतरंग : एक परीक्षण

व्हिक्टर उलिग यांचा स्पिती शेलमधील अश्मीभूत प्राण्यांवरील ग्रंथ १९०३ ते १९१० या काळांत प्रसिद्ध झाला. आपल्या देवघरांतील गंडकीचे चक्रांकित शाळिग्राम अशाच ज्युरासिक थरांतील गोटे होत. गोटा फोडिला असतां एका शकलांत आमोनाइटाचें कवच व दुसऱ्यांत त्याचा ठसा मिळतो. वज्रकीटानें चक्र कोरिल्याची पौराणिक समजूत तेथेंच मागें पडते. ग्रंथांतील वर्णनें व चित्रें उत्कृष्ट आहेत. परंतु बरेच नमुने नेमक्या कोणत्या थरांतून निघाले, याची नोंद नाहीं. हा दोष लहान नव्हे. पुष्पिका फाटलेल्या पोथीचा काल जसा संदिग्ध राहतो, तसा थराच्या नोंदीवांचून जातींचा पूर्वापर क्रमहि संदिग्धच राहतो. म्हणून आधीं थर नोंदावा, मग हातोडा उचलावा, आणि दोन्ही शकलें एकत्र जपावीं.