साखळीचा पक्षी : कारेल फाब्रिशियसचा ‘गोल्डफिंच’

पडद्यावर हे चित्र मोठं दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. मूळ चित्र ३३.५ सेंटिमीटर उंच आणि २२.८ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे आपल्या फुलस्केप वहीएवढं. लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं. खाली सही आहे आणि साल आहे, १६५४. आज ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे.

या चित्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १२ ऑक्टोबर १६५४ला डेल्फ्ट शहरातलं दारूचं कोठार उडालं, शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि त्यात फाब्रिशियस गेला. वय ३२. आज त्याची जेमतेम डझनभर चित्रं उरली आहेत. मीही अनेक वर्षं व्याख्यानात हीच गोष्ट आधी सांगायचो आणि मग चित्र दाखवायचो. सभागृह हळहळायचं. पण खरं सांगू का, ती हळहळ चित्राने मिळवलेली नव्हती, ती मी आयती पुरवलेली होती. चित्र काढताना त्या माणसाला स्फोटाची काय कल्पना? म्हणून आज उलट करू. गोष्ट बाजूला ठेवू आणि नुसतं बघू.

काय दिसतं? चुन्याची भिंत, थोडी मळलेली, पोपडे धरलेली. तिच्यावर दाण्यांची पेटी, पेटीभोवती दोन कड्या. वरच्या कडीवर पक्षी. पायाला बारीक साखळी.

फाब्रिशियस हा रेम्ब्रांटचा शिष्य. गुरूची रीत अशी की मागे काळोख आणि माणसावर उजेड. शिष्याने ते फिरवलं. उजेड भिंतीला दिला आणि पक्षी तिच्यापुढे गडद ठेवला. म्हणून भिंत ही इथे पार्श्वभूमी राहत नाही, ती निम्मं चित्र होते.

असं म्हणतात की हे चित्र डोळ्यांना फसवण्यासाठी काढलं. लांबून बघितलं तर फसायला होतंही, सावलीच तशी पडली आहे. पण जवळ जा. पिसं एकेक करून रंगवलेलीच नाहीत! ब्रशचे मोकळे फटकारे आहेत. पंखावरचा पिवळा पट्टा बघा. ओल्या पिवळ्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडा काढलाय आणि खालचा काळा रंग वर आणलाय. नुसतं फसवायचंच असतं तर चित्रकाराने आपल्या हाताच्या खुणा अशा उघड्या ठेवल्या नसत्या. लांबून तो म्हणतो, हा पक्षी आहे. जवळून म्हणतो, हा रंग आहे. दोन्ही खरं.

आता साखळी. डच भाषेत या पक्ष्याला ‘पुटर’ म्हणतात, म्हणजे पाणी शेंदणारा. अंगुस्तानाएवढा पोहरा ओढून पाणी प्यायला त्याला शिकवायचे आणि लोक मजा बघायचे. आपल्याकडचा चिठ्ठी काढणारा पोपट आठवा. पण या चित्रात पोहरा नाही. करामत नाही. ख्रिस्ती चित्रांत हाच पक्षी येशूच्या यातनांची खूण म्हणून येतो. राफाएलच्या एका मॅडोनाजवळ तो आहे. इथे मॅडोनाही नाही. करमणूक गेली, बोधही गेला. उरला बांधलेला एक जीव, आणि तो आपल्याकडे बघतोय.

माझ्या मते चित्राचं मोठेपण इथे आहे. फाब्रिशियस दया मागत नाही. साखळी तो ठळक करत नाही आणि लपवतही नाही. ती आपल्याला जरा उशिरा दिसते, आणि एकदा दिसली की मग दिसतच राहते.

आपण मात्र काय करतो? पक्ष्याच्या पायात चित्रकाराच्या मरणाची दुसरी साखळी अडकवतो. ती तेवढी सोडवूया. पहिली सोडवणं आपल्या हातात नाही.