खरे असूनही खोटे वाटते

पडद्यावर खरे दाखवले की प्रेक्षकाला पटते, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. प्रेक्षक चित्रपट जगाशी ताडून पाहत नाही. आधी पाहिलेल्या चित्रपटांशी ताडून पाहतो. म्हणून पुष्कळदा खरा तपशीलच त्याला बनावट वाटतो.

‘हॅकसॉ रिज’ (२०१६) हा डेस्मंड डॉस या शस्त्र न धरणाऱ्या सैनिकाचा चित्रपट. ओकिनावाच्या लढाईत जखमी झालेल्या डॉसने आपले स्ट्रेचर दुसऱ्या जखमीला दिले. पुढे हाताला गोळी लागली, तरी तो सरपटत निघाला. हकीकत खरी, पण लोकांना पटणार नाही म्हणून दिग्दर्शक मेल गिब्सन यांनी ती गाळली.

कुब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये उलट केले. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) तेथे स्फोटांचे गडगडाट ऐकवले, कुब्रिक यांनी शांतता राखली. आधी त्यांनी अंतराळवीराचा श्वास बराच वेळ ऐकवला, मग तो एकदम बंद केला. शांतता पटली, कारण तिची तयारी करून घेतली होती.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. हिंदी पडद्यावरचा यहुदी म्हणजे बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’ (१९५८) मधला, रोमच्या अमलाखालचा आणि उर्दू बोलणारा. आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर खरे कोकणातले बेने इस्राएल; पण लोकांना ते आठवतात ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधले जॉनचाचा म्हणून.

आता समजा, कोणी चित्रपटात नऊवारी नेसलेली, हिरव्या बांगड्या भरलेली आजी दाखवली आणि शब्बाथच्या सकाळी ती म्हणाली, “मशिदीत जाऊन येते गं!” प्रेक्षक म्हणेल, लेखकाने धर्मांचा घोळ घातला. पण आपली वडीलधारी मंडळी प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधणाऱ्या शमुएल यहेज्केल दिवेकरांना सारे सामाजी हसाजी म्हणून ओळखत. हे नाव पडद्यावर ऐकले तर ते यहुद्याचे आहे यावर कोण विश्वास ठेवील?

म्हणून तपशील गाळावा काय? आमचे मत, मुळीच नाही. गिब्सन यांच्या वाटेने गेले तर प्रेक्षकाचे अज्ञान जसेच्या तसे राहते आणि पुढचा चित्रपट त्यावरच उभा राहतो. पण खरा तपशील प्रदर्शनातल्या वस्तूसारखा नुसता मांडूनही भागत नाही. मलिदा दाखवायचा तर आधी पोहे भिजू द्यावेत, नारळ खवला जाऊ द्यावा, पाहुण्यांची वाट पाहिली जावी. मग एलियाहू हान्नबीचे नाव निघाले की ते परके वाटणार नाही. कामात आलेला तपशील पटतो, मिरवलेला खोटा वाटतो.

येथे जन्मलेल्या आपल्या नातवंडांना तरी आजीची ही मशीद खरी वाटेल काय? त्यांनीही यहुदी पाहिले ते बहुधा परक्यांच्या चित्रपटांतले. त्यांच्यासाठी ही तयारी कोणी दिग्दर्शक करणार नाही. ती आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच बोलण्यातून व्हायला हवी.