देवमाशाचे दर्शन आणि प्रवासलेखकाची दृष्टी

श्रीलंकेच्या सहलीची जी वर्णने हल्ली आमच्या वाचनात येतात, त्यांत एक प्रकरण बहुधा ठरलेले असते. दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्सा ह्या गावी मुक्काम, पहाटेचे उठणे, सूर्योदयाच्या सुमारास बंदरातून निघालेली बोट, बोटीवरची न्याहारी, मंडळींपैकी कोणाला तरी हटकून लागलेली बोट, तास दोन तासांची प्रतीक्षा, आणि मग एकाएकी उठलेली आरोळी. पाण्यावर फवारा उडतो, करड्यानिळ्या पाठीचा एक तुकडा दिसतो, शेपटी वर येऊन नाहीशी होते. पाठोपाठ लेखकाचे उद्गार येतात: शब्द अपुरे पडले, जन्माचे सार्थक झाले, निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र! प्रकरण संपते, आणि पुढच्या पानावर आपण कँडीच्या दंतमंदिरात असतो.

ह्या लेखकांना झालेल्या आनंदाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आनंद होणे ही एक गोष्ट, आणि तो वाचकापर्यंत पोहोचविणे ही दुसरी. असे प्रकरण वाचून संपल्यावर देवमाशासंबंधी वाचकाच्या पदरी काय पडते? लेखक किती वाजता उठला, त्याने काय खाल्ले, छायाचित्र ऐन वेळी का साधले नाही, हे सर्व कळते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो प्राणी तेथे काय करीत होता हे मात्र कळत नाही. आमच्या मते हा दोष शब्दांचा नसून दृष्टीचा आहे. ह्या लेखनात देवमासा ही सहलीतील एक घटना असते. वस्तुतः सहल हीच देवमाशाच्या दिवसातील एक किरकोळ घटना होय. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याचेच वर्णन वाङ्मय ह्या नावास पात्र ठरते; आणि त्याची कसोटी अशी की, देवमासा न दिसलेल्या दिवशीही ते लिहिता आले असते. हे विधान विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणे प्राप्त आहे.

लंकेनजीकच्या समुद्रातील देवमाशाचे एक फार जुने आणि फार नेमके वर्णन संस्कृत वाङ्मयात आहे, ह्याचे स्मरण आमच्या प्रवासलेखकांना सहसा होत नाही. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून अयोध्येस परतत असता सीतेला खालचा समुद्र दाखवितो. तेथे कालिदासाने तिमी नावाचे महामत्स्य आणले आहेत. ते नदीमुखाशी तोंड उघडून जलचरांसह पाणी आत घेतात, तोंड मिटतात, आणि मस्तकावरील रंध्रांतून पाण्याचे लोट वर उडवितात. एका श्लोकात इतके सर्व आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक चूक आहे: फवारा हा गिळलेल्या पाण्याचा नसून फुप्फुसांतून जोराने सुटलेल्या उबदार श्वासाचा असतो. पण तोंड उघडून जलचरांसह पाणी घेणे आणि मग तोंड मिटणे, ही देवमाशाच्या भोजनाची रीत कवीने किती अचूक टिपली आहे! त्याहून महत्त्वाचे हे की, कालिदासाचे तिमी कोणासाठी काही करीत नाहीत. ते आपले जेवीत आहेत. राम सीतेला ‘पाहा’ म्हणतो, तो उंचावरून आणि दुरून. विमान खाली आणीत नाही, की त्यांच्या मागे लावीत नाही. अंतर राखूनही किती पाहता येते, ह्याचा हा वस्तुपाठ आहे.

ह्याच्या अगदी उलट टोकाला हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही १८५१ सालची कादंबरी उभी आहे. येथे देवमाशाचे ज्ञान जवळिकीतून येते, आणि ती जवळीक भाल्याची आहे. कातडी सोलणे, चरबी कढविणे, मस्तकातून तेल उपसणे ह्या क्रियांवर मेलव्हिलने प्रकरणांमागून प्रकरणे खर्च केली आहेत, आणि त्यांतूनच देवमाशाचा देह वाचकापुढे उभा राहतो. तरीही त्याची थोरवी अशी की, ह्या ज्ञानाची मर्यादा त्याने ओळखली. देवमाशांची चित्रे चुकीची का ठरतात ह्याची चर्चा करताना त्याचा निवेदक कबूल करतो की, जिवंत देवमासा संपूर्णपणे पाहण्याची सोय माणसाला नाही. त्याचा पुष्कळसा भाग नेहमी पाण्याखालीच राहणार. ह्या कादंबरीतील सर्वांत हृद्य प्रसंग सुंदाच्या सामुद्रधुनीपलीकडे घडतो. शिकाऱ्यांची नाव एका प्रचंड कळपाच्या मध्यभागी ओढली जाते. तेथे पाणी शांत असते, आणि तळाशी पाहावे तो माद्या आपल्या पिलांना पाजीत असलेल्या दिसतात. मारावयास आलेले हात क्षणभर थबकतात. आमच्या मते देवमासा पाहण्याचे सगळे वाङ्मय ह्या थबकण्यातून जन्मले आहे.

परंतु मिरिस्सास ज्याच्या दर्शनाला लोक जातात, त्या निळ्या देवमाशाला मेलव्हिलच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात मोजक्या ओळीच मिळाल्या आहेत. कारण उघड आहे. शिडांच्या जहाजांना व हातभाल्यांना तो आटोपण्यासारखा नव्हता. जो मारता येत नव्हता, तो माहीतही नव्हता. पुढे वाफेची जहाजे व स्फोटक भाल्यांच्या तोफा आल्या, तेव्हा विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. १९६६ साली त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि १९७९ साली हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज बोटीच्या कठड्याशी उभा राहणारा प्रवासी ह्या इतिहासाचा वारस आहे. शिकाऱ्यापाशी निदान कष्टाने मिळविलेले ज्ञान होते. प्रेक्षकाने भाला टाकला हे उत्तमच झाले. पण भाल्याबरोबर जिज्ञासाही टाकली, तर त्याच्या हाती काय उरणार?

ह्या संक्रमणाची चाहूल लंकेतच वास्तव्य केलेल्या एका लेखकाला लागली होती. आर्थर सी. क्लार्क १९५६ साली सिलोनमध्ये स्थायिक झाले, आणि १९५७ साली त्यांची ‘द डीप रेंज’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत भविष्यकाळातील माणूस गुराढोरांप्रमाणे देवमाशांचे कळप राखतो व त्यांच्या मांसावर जगाची भूक भागवितो. ह्या व्यवस्थेला आव्हान मिळते ते लंकेतील एका बौद्ध धर्माचार्याकडून: ही हत्या थांबवा, असे तो म्हणतो. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. पात्रे यंत्रांइतकी सजीव झालेली नाहीत. परंतु देवमाशाशी आपले नाते काय असावे हा प्रश्न अर्थशास्त्राच्या हातून काढून धर्माच्या हाती देण्याचे धैर्य तीत आहे. ती व्यापारी शिकार जोरात चालू असता लिहिली गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या धैर्याचे मोल कळते.

ज्ञान आणि अहिंसा ह्यांची जोड कशी पडते, हे पुढे संशोधकांनी दाखविले. १९८० नंतरच्या दशकात ‘ट्यूलिप’ नावाच्या लहानशा शिडाच्या नौकेतून हाल व्हाइटहेड व त्यांचे सहकारी हिंदी महासागरात देवमाशांच्या मागावर राहिले. लंकेच्या पाण्यातील स्पर्म देवमाशांचा त्यांनी विशेष अभ्यास केला. देवमासा खोल गेला की ते पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्याचा आवाज ऐकत. ‘व्हॉयेज टु द व्हेल्स’ ह्या व्हाइटहेड ह्यांच्या पुस्तकात साहस थोडे आणि धीर फार आहे. लंकेच्याच आशा डी व्होस ह्यांचे उदाहरण तर आमच्या प्रवासलेखकांनी अवश्य मनन करण्याजोगे आहे. मोठे देवमासे थंड समुद्रात जेवतात व उबदार समुद्रात वितात, असे त्यांना शिकविले गेले होते. २००३ साली लंकेच्या दक्षिणेस काही निळे देवमासे दिसले असता पाण्यावर तरंगणारी त्यांची लालसर विष्ठा त्यांच्या नजरेस पडली. ज्याअर्थी विष्ठा, त्याअर्थी भोजन. हे देवमासे येथेच, विषुववृत्ताजवळ जेवतात! इतरांनी फवारा पाहिला असता. ह्या बाईंनी घाण पाहिली, आणि तीतून ज्ञान काढले. येथील निळे देवमासे ध्रुवप्रदेशाकडे जात नाहीत, आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांवर गुजराण करतात, हे आता ठाऊक झाले आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल जातो, म्हणून ते इतक्या जवळ येतात.

ही बोटीची फेरी आम्ही स्वतः केली आहे, म्हणून तीत खरोखर काय दिसते हे सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो. चार तासांत आम्हांस तीन वेळा फवारा दिसला, दोनदा पाठ आणि एकदा शेपटी. दोन दर्शनांच्या मध्ये देवमासा दहा दहा मिनिटे पाण्याखाली असे. तो गेल्यावर पाण्यावर एक गुळगुळीत, लाटा नसलेले वर्तुळ राहते. बुडी मारताना शेपटीच्या फटकाऱ्याने वर आलेल्या पाण्याचे ते असते, आणि खलाशी त्याला देवमाशाचे पाऊल म्हणतात. ते पाऊल विरेपर्यंत पाहत राहणारे आमच्या बोटीत फारसे कोणी नव्हते. शेपटी गेली तशी मंडळी न्याहारीकडे वळली. दुसरी गोष्ट अशी की, एक फवारा दिसताच चार दिशांनी चार बोटी त्याकडे धावल्या. बोटींनी १०० मीटरांच्या आत जाऊ नये असा तेथे नियम आहे. परंतु देवमासा न दिसल्यास पैसे परत, अशी हमी जेथे विकली जाते, तेथे नियम पाळणारा नावाडी तोट्यात राहतो. तिसरी गोष्ट क्षितिजावर होती. दोंद्रा भूशिराच्या दक्षिणेने जगातील अत्यंत गजबजलेला एक जलमार्ग जातो, आणि मालाने लादलेली प्रचंड जहाजे तेथून रांगेने जात होती. नेमका हाच देवमाशांच्या भोजनाचा पट्टा आहे. २०१२ साली एक निळा देवमासा अशाच एका जहाजाच्या नाळेवर मृतावस्थेत आडवा लटकलेला कोलंबो बंदरात आला. एका बड्या जहाज कंपनीने २०२२ साली आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली, ही समाधानाची बाब होय. पण एका कंपनीने मार्ग बदलल्याने पट्टा निर्धोक होत नाही.

वर्तुळ, बोटींची धाव आणि जहाजांची रांग ह्या तिन्ही गोष्टी प्रत्येक प्रवाशाच्या डोळ्यांपुढे असतात, आणि आम्ही वाचलेल्या वर्णनांत बहुधा एकही नसते. ह्यांपैकी जहाजे व बोटी तर देवमासा न आलेल्या दिवशीही तेथेच असतात. तो दिसला नाही तर का दिसला नाही, कोणत्या समुद्रात आपण त्याची वाट पाहिली, हे लिहिण्याजोगे आहे. आमची कसोटी विक्षिप्त नाही, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

ह्यावर कोणी म्हणेल की, चार दिवसांच्या सुटीवर बायकामुलांसह गेलेल्या गृहस्थाने शास्त्रज्ञ व्हावे ही अपेक्षा अवाजवी आहे. आमची ती अपेक्षाच नाही. सुटीचा आनंद त्याने खुशाल लुटावा. पण त्यावर प्रकरण लिहून ते वाचकाच्या हाती द्यावयाचे ठरविले की जबाबदारी बदलते. शिवाय ‘दर्शन’ हा शब्द आपण वापरतो, त्याचे काही पथ्य आहे. पंढरीस गेलेल्या वारकऱ्याला गर्दीमुळे विठोबाच्या पायांवर डोके टेकता आले नाही, तर तो कळसाचे दर्शन घेऊन, नामदेवाच्या पायरीला हात लावून मागे फिरतो. वारी फुकट गेली असे म्हणत नाही, की पैसे परत मागत नाही. दर्शन दिले जाते, वसूल केले जात नाही, एवढे त्याला कळते. मिरिस्साच्या बोटीत बसणाऱ्याला एवढे कळले, तर नावाड्यावरील दडपण कमी होईल, देवमाशामागची धाव थांबेल, आणि लेखनही सुधारेल. ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वाचकाला ‘जवळून पाहिला’ एवढेच वाचण्याची सवय आपण लावली, तर पुढचा प्रवासी तेच मागणार, आणि नावाडी तेच पुरविणार.

हा प्रश्न आपल्या दारापासून दूर आहे असेही कोणी समजू नये. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापाशी निळे देवमासे आढळल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. आज ना उद्या कोकणातही अशा फेऱ्या निघतील आणि त्यांची वर्णने मराठीत लिहिली जातील. ती लिहिणाऱ्याने निघण्यापूर्वी रघुवंशाचा तेरावा सर्ग एकवार उघडावा, आणि राम विमान खाली आणीत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.