विध्यर्थाची अदब

स्पॅनिश व्याकरणांत एक मौजेचा प्रकार आहे. स्नेह्याला ‘बोल’ म्हणावयाचें तर ‘आब्ला’ हा साधा आज्ञार्थ चालतो. वडीलधाऱ्याला मात्र ‘आब्ले उस्तेद’ म्हणावें लागतें. ‘उस्तेद’ हें आदराचें सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा संक्षेप आहे, म्हणून तें तृतीयपुरुषी. आणि तृतीयपुरुषाला आज्ञा करावयाची तर इच्छा व संभव दाखविणाऱ्या रूपाचाच आश्रय करावा लागतो.

मराठी वाचकाला हें परकें वाटूं नये. ‘बस’, ‘बसा’ आणि ‘आपण बसावें’ या तीन पायऱ्या आपण रोज चढतों. सोलापुरांत हा भेद विशेष उठून दिसतो. तेथें घरोघरीं कानडी ‘बर्री’ आणि तेलुगु ‘कूर्चोंडि’ कानीं पडतें. हीं रूपें आदराचीं खरीं, पण आज्ञार्थाचींच, आपल्या ‘या’, ‘बसा’ यांच्या पंक्तीचीं. आतां तेथील तेलुगुभाषी विणकराच्या मुलाला शालेय व्याकरण सांगणार कीं विध्यर्थानें कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा इत्यादींचा बोध होतो, आणि कर्तव्याचें उदाहरण देणार ‘मुलांनीं आईबापांची आज्ञा पाळावी’! मग ‘आपण जेवावें’ हा आग्रह त्याला उपदेश वाटला तर दोष कोणाचा? मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांत क्रियापदाच्या रूपांची केवढी विस्तृत चर्चा आहे! क्रमिक पुस्तकांच्या वांट्याला तिचा चोथा तेवढा आला.

या रूपाची अदब त्याच्या घडणींतच आहे. ‘वा-वी-वें’ चें मूळ संस्कृत ‘तव्य’ प्रत्ययांत. ‘त्यानें ग्रंथ वाचावा, पोथी वाचावी’ येथें क्रियापद कर्त्याकडे न पाहतां कर्माकडे पाहतें. हुकुमाचा भार माणसावर न पडतां कामावर पडतो. पत्राच्या शेवटीं ‘लोभ असावा’ लिहितों, कारण लोभ कांहीं हुकुमानें मिळत नाहीं.

कचेरीच्या भाषेनें मात्र या रूपाची परवड केली आहे. ‘कारकुनानें अर्ज तपासावा’ यांत कारकून, तृतीयेंत कां होईना, हजर असतो. ‘अर्ज तपासण्यांत यावा’ म्हटलें कीं तो पसार! तीन महिन्यांनीं अर्ज होता तेथेंच सांपडला, तर जाब विचारावयाचा कोणाला?