‘पुढें काय?’ : ‘कोसला’ आणि आपलीं घरें

पंढरपुरांत आषाढी एकादशी आणि विद्यापीठाचे निकाल हीं सामान्यतः पाठोपाठच येतात. त्या दिवसांत गांवांतल्या बहुतेक घरीं पाहुणे उतरलेले असतात. आणि घरांतला मुलगा नुकताच पदवीधर झालेला असेल, तर चहाचा पेला हातांत घेतांना प्रत्येक पाहुणा त्याला एकच प्रश्न विचारतो : ‘मग, पुढें काय?’ विचारणाराचा हेतु वाईट नसतो. परंतु दहाव्या पाहुण्यानें तोच प्रश्न विचारला म्हणजे घर सोडून वारकऱ्यांच्या गर्दींत कोठें तरी हरवून जावेंसें वाटतें, हें माझ्या विद्यार्थ्यांकडून मीं अनेकदां ऐकलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं हाच प्रश्न निराळ्या रूपानें माझ्या दारीं आला. प्रदक्षिणा मार्गावर कुंकू-बुक्क्याचें दुकान चालविणारे एक गृहस्थ श्री. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची जीर्ण प्रत हातांत घेऊन मजकडे आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालेला, आणि त्यानंतर वर्षभर घरींच बसलेला. ‘सर,’ ते म्हणाले, ‘हें पुस्तक तुम्हीं दिलेंत असें तो सांगतो. मीं दोन रात्री जागून वाचलें. यांतल्या पोराचें नांव पांडुरंग, म्हणून मोठ्या आशेनें हातांत घेतलें. पण हा पोरगा तर शेवटपर्यंत कांहींच करीत नाहीं. असलें पुस्तक वाचून आमचा मुलगा सुधारेल कीं बिघडेल, एवढेंच सांगा.’ मीं त्या वेळीं जें उत्तर दिलें, तें प्राध्यापकी उत्तर होतें : वाङ्मयाचें मोल उपयुक्ततेवरून ठरवूं नये, इत्यादि. ते नमस्कार करून निघून गेले. आपल्याला उत्तर मिळालें नाहीं हें त्यांना समजलें होतें, आणि मलाहि. पुढील विवेचन हा त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, या गांवाला हा प्रश्न तसा नवा आहे. येथें मुलगा काय करणार हें पुष्कळदां त्याच्या जन्मापूर्वींच ठरलेलें असे. बडवे आणि उत्पात यांच्याकडे देवळांतले हक्क वंशपरंपरेनें चालत. दुकान बापाकडून मुलाकडे येई. चंद्रभागेंतली होडी कोळ्याच्या घरांतच राही. पुढें १९७३ सालीं पंढरपूर मंदिर कायदा झाला, आणि दीर्घकाळ चाललेल्या वादानंतर २०१४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ते वंशपरंपरागत हक्क कायमचे संपुष्टांत आले. ती गोष्ट योग्यच झाली असें मी मानतो. पण त्या घरांतल्या मुलांपुढें जो प्रश्न पूर्वीं नव्हता, तो त्यामुळें उभा राहिला, हेंहि खरें. दुसरीकडे, ज्या पदवीसाठीं पूर्वीं शिवाजी विद्यापीठाकडे, म्हणजे कोल्हापुराकडे, पाहावें लागे, ती २००४ पासून सोलापुरासच मिळूं लागली. जन्मानें मिळणारें उत्तर नाहींसें झालें, आणि पदवीनें मिळेल असें वाटलेलें उत्तर अद्याप आलें नाहीं. या मधल्या जागेंत आमचीं मुलें उभीं आहेत. अशा वेळीं मराठी वाङ्मयानें या मधल्या जागेविषयीं काय सांगितलें आहे, असें त्या गृहस्थांनीं विचारलें तर तें गैर कसें म्हणतां येईल?

आपल्या वाङ्मयानें सुशिक्षित तरुणाचें जें सर्वांत आदरणीय चित्र काढलें, तें त्यागाचें आहे. चिपळूणकर-टिळकांनीं १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि आगरकर एम. ए. होऊन, मोठ्या पगाराची आशा सोडून, त्या शाळेंत दाखल झाले. हा आदर्श सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. हरिभाऊ आपट्यांची ‘मी’ ही कादंबरी ‘करमणुकीं’तून प्रसिद्ध झाली ती त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीं. तिच्यांतला भावानंद संसाराची वाट सोडून लोकसेवेचें व्रत घेतो. गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला तो १९०५ सालीं. तशा सेवाव्रती तरुणाचें चित्र हरिभाऊंनीं त्याच्या सुमारें दहा वर्षें आधींच रेखाटलें होतें. स्वतः हरिभाऊंनीं पदवी न घेतांच कॉलेज सोडलें होतें, हें येथें आठवण्यासारखें आहे. ‘मी’चें मोठेपण निर्विवाद आहे. परंतु व्रत घेणाऱ्या तरुणाच्या मनाला एकदां दिशा मिळाली कीं ती सुटत नाहीं, अशी एक समजूत या परंपरेनें आपल्या घरांत रुजविली. त्यामुळें ज्याला दिशा मिळालेली नाहीं, त्याच्याविषयीं बोलावयास आपल्यापाशीं शब्दच राहिले नाहींत. आपण त्याला आळशी म्हणतों, किंवा दैवाला दोष देतों.

याचें एक उदाहरण पंढरपुराच्या अगदीं जवळचें आहे. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून येथें दहा दिवस उपोषण केलें, हें येथील लहान मुलालाहि ठाऊक असतें. त्यांची ‘श्यामची आई’ आपल्या घरोघरीं आहे. पण तें पुस्तक आईच्या मृत्यूशीं, म्हणजे श्याम शाळेंत शिकत असतांनाच, संपतें. कॉलेजांतून बाहेर पडलेला श्याम त्यांत नाहीं. प्रत्यक्षांतले साने गुरुजी पुण्यास शिकले. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरांत अभ्यासासाठीं गेले. तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. मग १९२४ सालीं त्याच गांवच्या हायस्कुलांत ते शिक्षक झाले, वसतिगृहांतल्या मुलांत रमले. आणि १९३० सालीं तीहि नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. पुस्तक लिहिलें तें १९३३ सालीं, नाशिकच्या तुरुंगांत. म्हणजे जो लेखक आपण आज्ञाधारकतेचा आदर्श म्हणून मुलांच्या हातीं देतों, त्यानें स्वतः तीस-एकतीस वर्षांचा होईपर्यंत तीन वेळां वाट बदलली होती. आपण त्यांचें उपोषण सांगतों, त्यांची आई सांगतों. मधलीं वर्षें मात्र सांगत नाहीं.

हीं न सांगितलेलीं मधलीं वर्षें ‘कोसला’नें सांगितलीं, हें तिचें पहिलें महत्त्व. कादंबरी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली, त्या वेळीं लेखकाचें वय पंचवीस वर्षांचें होतें, आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर हाहि पंचविशींतलाच आहे. खानदेशांतल्या सधन शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहांत राहतो, आणि पदवीवाचून गांवीं परत येतो. कथानक म्हणून सांगावयाचें तर एवढेंच. परंतु आमच्या गृहस्थांचा ‘हा पोरगा कांहींच करीत नाहीं’ हा आक्षेप मात्र पुस्तक नीट पाहिलें तर टिकत नाहीं. पुण्यांतल्या आरंभीच्या दिवसांत पांडुरंग फार कांहीं करतो. तो वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो, वादसभेंत भाग घेतो, मित्रांसाठीं पैसे खर्च करतो. त्यांत तो फसतो, कर्जांत बुडतो, आणि ज्यांच्यासाठीं केलें त्यांनाच त्याचें सोयर-सुतक नसतें. म्हणजे त्याचें निष्क्रिय होणें हें स्वभावांतलें नव्हे. तें केलेल्या कामाचें फळ आहे. पुढें धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यु होतो. त्यानंतर ‘पुढें काय?’ हा प्रश्न नोकरीचा राहत नाहीं. मरणाच्या एवढ्या जवळ जाऊन आलेल्या मुलाला नोकरीचा अर्ज लिहावयास सांगणारे लोक कसे दिसत असतील, हें ती प्रकरणें वाचल्यावर कळतें.

कादंबरीच्या रचनेविषयीं पुष्कळ तक्रारी झाल्या आहेत. मध्येंच डायरी येते. मध्येंच इतिहासकाराच्या थाटांत विनोद येतो. कथा पुढें सरकत नाहीं. मला वाटतें कीं, या विषयाला हीच रचना योग्य आहे. अनिश्चिततेला कथानक नसतें. निर्णय घेणाऱ्या माणसाची गोष्ट आरंभ, मध्य आणि शेवट यांत बसते. निर्णय न होणाऱ्या माणसाजवळ असतात ते नुसते दिवस, आणि दिवसांची नोंद डायरींतच होते. हरिभाऊंनींहि ‘मी’ नायकाच्या मुखानेंच सांगितली. पण त्यांच्या नायकाला आपल्या आयुष्याचा अर्थ ठाऊक आहे, म्हणून त्याचें निवेदन सरळ चालतें. पांडुरंगाला तो ठाऊक नाहीं. त्याच्या तोंडीं सुसंगत आत्मचरित्र घातलें असतें, तर तें वाचावयास सुखद झालें असतें, पण खोटें झालें असतें.

तथापि, ‘कोसला’ला स्वतःचा धर्मग्रंथ मानणारे जे तरुण वाचक आहेत, त्यांच्याशींहि माझें भांडण आहे. आपल्या भ्रमाचा निरास होण्याचा खर्च कोणी दिला, हें ते विचारीत नाहींत. पुण्याचा खर्च पांडुरंगाचे वडील देतात. परत यावयाला घर आहे, शेती आहे, दोन वेळचें जेवण आहे. लेखकानें हें लपविलेलें नाहीं; बापलेकांतला कडवटपणा पुष्कळसा यांतूनच येतो. पण वाचक मात्र तो भाग सोडून देतात. ज्याच्यामागें असें घर नाहीं, त्याच्या हातीं ‘कोसला’च्या जोडीनें शरणकुमार लिंबाळे यांचें ‘अक्करमाशी’ (१९८४) द्यावें. लिंबाळे याच सोलापूर जिल्ह्यांतल्या अक्कलकोट तालुक्यांतले. ज्या घरांत संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाहीं आणि शाळेंत बापाचें नांव सांगणेंहि कठीण आहे, तेथल्या मुलाला नोकरी ही तडजोड वाटूं शकत नाहीं. तेथें शिक्षण हाच मोठा पालट असतो.

आणि मुलींचें काय? पदवीधर मुलीला पाहुणे ‘पुढें काय?’ विचारीतच नाहींत. उत्तर त्यांनींच ठरविलेलें असतें. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’नें १९३३ सालीं याची दुसरी बाजू दाखविली : शिकून मिळवूं लागलेली मुलगी घराला हवीशी होते, आणि तिच्या मिळकतीवर चालणारें घर तिच्या आयुष्याचा विचार पुढें ढकलीत राहतें. नोकरी लागली म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत त्या कथांनीं तेव्हांच खोडून काढली होती.

नेमाड्यांनींहि पुढें तीच गोष्ट निराळ्या रीतीनें सांगितली. ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील याला पदवीहि आहे आणि प्राध्यापकाची नोकरीहि. तरी तो एका गांवचें कॉलेज सोडून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हलवीत राहतो. ‘कोसला’चा लेखक स्वतः दोन विषयांत एम. ए. झाला आणि आयुष्यभर अध्यापन करीत राहिला. तेव्हां त्यानें शिक्षण न घेण्याचा उपदेश केला असें कोणीं समजूं नये. त्याचें म्हणणें एवढेंच दिसतें कीं, नेमणुकीचा कागद हातीं पडल्यानें माणूस ठिकाणावर येतोच असें नाहीं. मी स्वतः पंचवीस-तीस वर्षें याच व्यवसायांत आहें. पुष्कळ मुलांना मीं ‘मिळेल ती नोकरी धर, मग पाहूं’ असें सांगितलें. त्यांतल्या कांहींचें भलें झालें. कांहीं मात्र मला अद्याप भेटतात, आणि ‘मग पाहूं’चा दिवस आलाच नाहीं, असें हंसत हंसत सांगतात. तें हंसणें ऐकावयास बरें वाटत नाहीं.

तर मग त्या गृहस्थांना उत्तर काय द्यावें? पुस्तकानें मुलगा सुधारतहि नाहीं आणि बिघडतहि नाहीं. आपल्या मनांत जें चाललें आहे तें लज्जास्पद नाहीं, दुसऱ्या कोणाच्या मनांतहि तें चाललें होतें आणि त्यानें तें नीट लिहून ठेविलें, एवढें मात्र त्याला कळतें. गप्प बसलेल्या मुलाला हें कमी नव्हे. पण या कादंबरीची अधिक गरज मला बापांना वाटते. मुलाच्या गप्प बसण्यांत काय काय असूं शकतें, हें तींत बापाला वाचावयास मिळतें. आणि तीच कादंबरी मुलाला हेंहि दाखविते कीं, त्याच्या थांबण्याचा भार कोणी तरी उचलीत आहे. दोघांनीं ती वाचून एकमेकांशीं हिशेब बोलावा : किती दिवस थांबावयाचें, त्या दिवसांत काय शिकावयाचें, खर्च कोणीं आणि किती करावयाचा. असें मोकळेपणानें ठरलें, तर थांबणें हेंहि एक काम होतें. दोन रात्री जागून मुलाचें पुस्तक वाचणाऱ्या बापाला तें अवघड जाऊं नये.

त्या मुलाचें पुढें काय झालें, हें मी येथें मुद्दामच लिहीत नाहीं. लिहिलें, तर वाचक पुस्तकाची परीक्षा त्याच्या नोकरीवरून करतील. वडील मात्र मला अधूनमधून भेटतात. मागल्या आषाढींत मी त्यांच्या दुकानावरून जात असतां त्यांनीं हांक मारून बसवून घेतलें, आणि ‘बिढार’ची प्रत मिळेल काय, असें विचारलें. ती मीं दुसऱ्या दिवशीं पोंचती केली.